टर्बो थंड होईपर्यंत

गाडी शिकवत असताना मी फोन घेत नाही. संत तुकाराम नगरच्या गल्ल्यांमधून नवशिक्या बाईला घेऊन फिरायचं म्हणजे तिचे पाय, माझे पाय आणि उलट्या बाजूने बिनधास्त येणारे दुचाकीवाले, एवढ्यांकडे एकदम लक्ष ठेवावं लागतं. त्या दुपारी शेजारी बसलेल्या बाईंना हाफ क्लच काही केल्या जमत नव्हता, गाडी बेडकासारखी उड्या मारत होती आणि माझा फोन वाजत होता. वाजून थांबला, पुन्हा वाजला. शेवटी माझ्या बाजूचा ब्रेक दाबून मी गाडी कडेला घ्यायला लावली. फोन मुक्ताचा होता, माझ्या भावाच्या मुलीचा. "आत्या, बाबा गाडीतून उतरतच नाहीयेत," एवढंच ती म्हणाली. मला चक्क हसू आलं, कारण हे वाक्य आमच्या घरात रोजचं होतं. मग मागून वहिनीचा आवाज ऐकू आला... तो आवाज मी याआधी कधी ऐकला नव्हता. त्या शिकाऊ बाईंना मी तिथेच उतरवलं की घरी सोडलं, हे मला आजही आठवत नाही.

माझा भाऊ दत्ता, आमचा दादा, गेला त्याला अडीच महिने होत आले. चाकणच्या एका कंपनीत तो इंजिनांच्या टेस्ट बेडवर होता. निवृत्तीला अजून बरीच वर्षं होती. मी गाडी चालवायला शिकवते, बहुतेक बायकांनाच. त्यामुळे आम्हा बहीण-भावांत जे काही बोलणं व्हायचं ते गाड्यांवरून, आणि त्यातही एकाच भांडणावरून: रोजच्या वापराला टर्बो इंजिन चांगलं की बिनटर्बोचं साधं? तुम्ही म्हणाल, भाऊ गेलाय आणि ही बाई इंजिनाचं काय घेऊन बसली आहे. पण काही घरांत माया जेवायला वाढण्यातून दिसते, काहींत रुसण्यातून. आमची त्या भांडणातून दिसायची, आणि तो गेला तोही त्याच भांडणातल्या एका मुद्द्यावर येऊन गेला. म्हणून तेच सांगावं लागणार.

आम्ही मूळचे परभणीकडचे. दादा आधी इकडे आला, चाकणजवळ निघोज्यात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या घरामागच्या खोलीत राहिला, आणि बारावी झाल्यावर मी त्याच्याकडे आले. त्या घरमालकांना सगळे आबा म्हणत. आजूबाजूच्या शेतांचे प्लॉट पडत होते आणि मोकळी जागा अजून होती. दादाने एका मित्राकडून जुनी पांढरी गाडी घेतली आणि पहिल्याच आठवड्यात मला तिच्यात बसवलं. मी रिव्हर्स घेताना आबांच्या गोठ्याच्या भिंतीला गाडी टेकवली. आबा बाजेवरून उठलेसुद्धा नाहीत. तिथूनच ओरडले, "आरं दत्ता, ही पोरगी गाडी शिकतीया का माझी भित पाडतीया?" दादा म्हणाला, "आबा, भिंत पडली तर मी बांधून देतो. पण पोरगी शिकणारच." आबा म्हणाले, "व्हय, मग शिकू दे. भित काय, न्हाई तरी पडायलाच आलीय." ती भिंत पुढे कधी पडली मला माहीत नाही. आता तिथे ट्रक उभे असतात. पण त्या पांढऱ्या गाडीने मला जे शिकवलं त्यावर मी आजवर पोट भरते आहे. साधं इंजिन होतं. पायाने जेवढं मागावं तेवढंच द्यायचं, लगेच द्यायचं, आणि नाही जमत तर नाही म्हणून सांगायचं.

टेस्ट बेड म्हणजे नवं इंजिन गाडीत बसवण्याआधी एका खोलीत बांधून तासन्‌तास पळवायचं आणि काचेपलीकडून बघत राहायचं. पडद्यावर आकडे यायचे, पण दादाचा भरवसा कानावर. आवाजात जरासा फरक पडला की बटण दाबून इंजिन थांबवायचा, मग साहेब उभे असोत की पाहुणे. कंपनीत टर्बो इंजिनं आली आणि गडी पार हरखून गेला. साधं इंजिन बाहेरची हवा आपली आपण ओढतं, त्याला ते लोक एनए म्हणतात. टर्बोमध्ये बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्री फिरते आणि ती जास्तीची हवा आत कोंबते. इंजिन छोटं, ताकद मोठ्याची. रविवारी जेवायला बसलो की हे सगळं तो चमचे आणि वाट्या मांडून समजावून सांगायचा आणि वहिनी शांतपणे त्याच वाट्यांत आमटी वाढायची.

भांडायला लागलो की आम्ही दोघं परभणीवर यायचो. "छाये," तो म्हणायचा, "तुझी गाडी म्हंजे नवी सून हाय. सांगितल्याबिगर काही करत न्हाई."

"आन तुझी म्हंजे सरकारी कचेरी," मी म्हणायचे. "आधी कितीबी दाबा, हलत न्हाई. मग एकदम सगळ्या फायली अंगावर."

आणि ते खोटं नव्हतं. चाकणच्या तळेगाव चौकात कंटेनरांच्या मध्ये अडकलात की फूटभर पुढे सरकायचं आणि थांबायचं, एवढाच खेळ असतो. तिथे टर्बो झोपलेला असतो. पाय दाबला तरी क्षणभर काही घडत नाही, आणि मग गाडी अशी पुढे झेप घेते की नवशिकी बाई स्टेअरिंग सोडून डोळेच मिटते. माझ्याकडे येणाऱ्या बायकांना आधीच नवऱ्याची, सासऱ्याची आणि मागून हॉर्न वाजवणाऱ्याची भीती असते. त्यात गाडीचीही भीती कशाला घालायची? दादाचं म्हणणं असं की तुझ्या बायका काय आयुष्यभर तुकाराम नगरात फिरणार आहेत का? हायवेवर कंटेनर ओलांडायचा तर त्या वेळेला ताकद लागते. चार माणसं, एसी चालू, समोर चढ... तुझं साधं इंजिन घसा खरवडत ओरडतं आणि जागचं हलत नाही. हेही खोटं नव्हतं. गावी जाताना त्याच्या नव्या गाडीत मी ते बघितलं होतं. त्याने एका उसाच्या ट्रॉलीला असं अलगद ओलांडलं की मागे बसलेल्या मुक्ताच्या हातातला शेंगदाण्याचा लाडूही हलला नाही. मी मान्य केलं नाही, ती गोष्ट वेगळी.

ती गाडी त्याने पुनावळ्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर घेतली. छोटं टर्बो पेट्रोल. आणि तिच्याबरोबर घरात एक रिवाज आला. कंपनीतून आल्यावर दादा गाडी कंपाउंडच्या भिंतीशी लावायचा आणि इंजिन चालू ठेवून आत तसाच बसून राहायचा. जोरात पळून आलेल्या गाडीतला टर्बो तापलेला असतो, त्याची चक्री भयंकर वेगात फिरत असते. इंजिन एकदम बंद केलं तर तेल पोचायचं थांबतं आणि ते आतल्या आत जळतं. म्हणून मिनिटभर नुसतं चालू ठेवायचं आणि मग चावी फिरवायची. तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीतून गाडीची मागची बाजू दिसते. दादाला हँडब्रेक ओढला तरी पाय ब्रेकवर ठेवायची सवय होती, त्यामुळे मागचे लाल दिवे लागलेले असायचे. ते दिवे दिसले की मुक्ता आत ओरडायची, "बाबा आले, टर्बो थंड करतायत!" की वहिनी चहा टाकायची. दिवे विझायचे, लिफ्ट वर यायची, दार वाजायचं आणि चहा गाळला जायचा. घरात कुणी न्हाणीघरातून लवकर बाहेर आलं नाही तरी हाच टोमणा असायचा, "टर्बो थंड करतोयस का?" सोसायटीच्या वॉचमनलाही ठाऊक होतं. त्या वेळेला दादाच्या काचेवर कुणी टकटक करायचं नाही.

इथेच आमचं शेवटचं भांडण होतं. मी त्याला म्हणायचे, "दादा, तू पुनावळ्याच्या अंडरपासपाशी अर्धा तास खोळंबतोस. तिथून घरापर्यंत गोगलगायीसारखा येतोस. तुझा टर्बो तिथेच गार पडलेला असतो. घाटातून उतरला असतास तर ठीक होतं." हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं, दिवसभर तेच तर करायचा तो. पण प्रत्येक मुद्द्याला तोडीस तोड मुद्दा काढणारा माझा भाऊ यावर फक्त म्हणायचा, "नियम म्हंजे नियम." इतकं लंगडं उत्तर त्याने दुसऱ्या कुठल्या प्रश्नाला कधी दिलं नाही.

शेवटचे काही महिने ते मिनिट वाढत चाललं होतं. आम्हा सगळ्यांना ते दिसत होतं आणि सगळ्यांना त्याची गंमत वाटत होती. वहिनी म्हणायची, चहा आता दोनदा गरम करावा लागतो. एका रविवारी आम्ही सगळे मामांकडून परत आलो, बाकीचे वर गेले आणि तो बसूनच राहिला. मी खिडकीशी वाकून म्हटलं, "काय रे, ह्या टर्बोला ताप आलाय का?" तो समोरच्या भिंतीकडे बघत होता. म्हणाला, "जुना होऊ लागलाय गं. त्याला टाइम लागतो." आणि मला हाताने जा म्हणून खूण केली. नंतर गाडी आवरताना दाराच्या कप्प्यात पित्ताच्या गोळ्यांची पाकिटं सापडली, बरीचशी रिकामी. म्हणजे त्याला काहीतरी होत होतं. जळजळ, दम, जे काय असेल ते, आणि ते ओसरेपर्यंत तो खाली थांबत होता, वर येताना चेहरा नीट करून येत होता, असं मला आता वाटतं. की कंपनीचा आवाज डोक्यातून उतरेपर्यंत त्याला घटकाभर एकटं बसायचं असायचं, एवढंच? ते आता कळणार नाही. इंजिनाच्या आवाजात केसभर फरक पडला तर लाल बटण दाबणारा माणूस स्वतःच्या छातीतला आवाज ऐकून पित्ताची गोळी घेत होता, या गोष्टीचा मला अजून राग येतो. त्याचा येतो. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण येतो.

त्या दिवशी पहिली शिफ्ट होती. दुपारी तो नेहमीच्या वेळेला आला, गाडी भिंतीशी लावली. मुक्ता बाल्कनीत वाळलेले कपडे काढत होती. तिने लाल दिवे पाहिले आणि आत सांगितलं, बाबा आले, टर्बो थंड करतायत. वहिनीने चहा टाकला. चहा उकळला, झाकून ठेवला. मुक्ताने कपड्यांच्या घड्या घातल्या. पुन्हा बघितलं तर दिवे तसेच होते. दिवे तसेच होते कारण त्याचा पाय ब्रेकवर होता... वॉचमन दोनदा गाडीजवळून गेला आणि साहेब बसलेत म्हणून पुढे गेला. दुसऱ्या खेपेला त्याला मान जरा वेगळी दिसली. त्याने आयुष्यात पहिल्यांदा त्या काचेवर टकटक केलं आणि मग इंटरकॉमवर फोन केला. दवाखान्यात वहिनीने डॉक्टरांना एकच विचारलं, लगेच आणलं असतं तर? डॉक्टर तरुण होते. ते म्हणाले, तसं सांगता येत नाही. नाही म्हणाले असते तरी चाललं असतं, हो म्हणाले असते तरी एक वेळ चाललं असतं. हे "सांगता येत नाही" मात्र घरात येऊन बसलं ते अजून उठलेलं नाही.

भेटायला माणसं येत राहिली. आपल्याकडे येणारा प्रत्येक जण "कसं झालं?" विचारतोच, आणि सांगणाऱ्याला ते पहिल्यापासून सांगावं लागतं. वहिनी प्रत्येकाला सांगायची, "मीच बघितलं बाल्कनीतून. मला वाटलं बसलेत. मीच गेले नाही खाली." बायका तिच्या पाठीवरून हात फिरवायच्या. मुक्ता भिंतीला टेकून बसलेली असायची, ऐकत असायची, एक शब्द बोलायची नाही. खरं काय ते मला दवाखान्यातच कळलं होतं, वॉचमननेच सांगितलं होतं की मुक्ताताई वर कपडे काढत होत्या. मी वहिनीला स्वयंपाकघरात गाठून म्हटलं, वहिनी, तुम्ही तर ओट्याशी होतात. तिने आधी दार लोटलं. "ताई, पोरीचं सगळं आयुष्य पडलंय पुढं," ती म्हणाली. "हे माझ्या नावावर राहू द्या." पण त्याने मुक्ता सुटत नव्हती. ती कॉलेजला जात होती, जेवत होती, आणि बाल्कनीकडे पाठ करून बसत होती. बाल्कनीचं दार बंदच राहिलं. त्या घरातले कपडे खुर्च्यांच्या पाठींवर वाळायला लागले.

सव्वा महिन्याने कंपनीतून निरोप आला की दादाच्या लॉकरमधलं सामान घेऊन जा. वहिनी म्हणाली, त्यांच्याच गाडीतून जाऊ, नाहीतर बॅटरी बसेल. मी त्या गाडीच्या स्टेअरिंगवर प्रथमच बसले. सीट मागे सरकवलेली होती, ती मी पुढे ओढली. कंपनीच्या गेटवर दादाच्या खात्यातल्या एका पोराने पिशवी आणून दिली: सेफ्टी शूज, डब्याचा एक सुटा कप्पा, नॅपकिन, कानात घालायचे पिवळे बोळे. वहिनीने पिशवी मांडीवर घेतली आणि ती बोळ्यांची डबी उघडझाप करत राहिली. येताना तळेगाव चौकात गाडीने मला अगदी मी म्हणायचे तसंच छळलं, आधी हलेना आणि मग उसळली. आणि देहूरोडच्या पुढे हायवेला एक कंटेनर ओलांडताना तिने अशी काही साथ दिली की माझ्या तोंडून आपोआप निघालं, "बरोबर होतं रे तुझं." वहिनीने माझ्याकडे बघितलं. मी भांडण हरले होते, आणि ज्याला ते ऐकायचं होतं तो नव्हता. मला गाडी चालवताना रडता येत नाही, तो माझ्या धंद्याचा नियम आहे. अंडरपासपाशी गर्दीत थांबलो तेव्हा रडून घेतलं.

घरी पोचल्यावर मी गाडी भिंतीशी लावली आणि चावीला हात घातला. वहिनी म्हणाली, "लगेच नका बंद करू, ताई. त्यांना आवडायचं नाही." टर्बो कधीचा गार झालेला होता, पण आम्ही दोघी बसून राहिलो. पाय माझा ब्रेकवरच होता. समोर ती भिंत, भिंतीवर कुणीतरी खडूने काढलेले स्टंप, मांडीवर पिशवी, आणि इंजिनाच्या पंख्याचा आवाज. वर बाल्कनीचं दार उघडलेलं मला दिसणं शक्य नव्हतं. गाडीचा ओळखीचा आवाज ऐकून ते सव्वा महिन्यात पहिल्यांदा उघडलं होतं, हे मला नंतर कळलं.

जिन्यात धडधड आवाज झाला. लिफ्टची वाट न बघता मुक्ता तीन मजले धावत उतरली होती, अनवाणी, केस मोकळे. तिने माझ्या बाजूचं दार खेचून उघडलं, मला ओलांडून हात आत घातला आणि चावी फिरवली. "बंद कर ना आत्या! बंद का नाही केलीस? उतर. आधी उतर तू!" तिचा श्वास लागला होता आणि ती माझ्या दंडाला धरून मला बाहेर ओढत होती. मग पलीकडे बसलेल्या आईकडे बघून ती जोरात म्हणाली, इतक्या जोरात की वॉचमन उठून उभा राहिला, "आई, तू नव्हतीस बाल्कनीत. मी होते. मी बघितलं आणि मी घड्या घालत बसले."

मला वाटलं, वहिनी पुन्हा नाही म्हणेल. पण ती म्हणाली, "मला ऐकू आलं होतं ना, मुक्ता. तू सांगितलंस ते मी ऐकलं, आणि चहा टाकला. तू एकदा बघितलंस. मी तर बघितलंसुद्धा नाही."

त्यापुढे तिथे काय बोलणं झालं ते त्या दोघींचं आहे. हा लेखही मी त्यांना वाचून दाखवूनच देते आहे. मुक्ता म्हणाली, लिही आत्या, निदान येणाऱ्यांना पुन्हा पुन्हा सांगायला लागणार नाही. तिचं ओझं उतरलं असं मी म्हणणार नाही. ते आता दोघींनी धरलं आहे, आणि कधी कधी दोघींनाही ते पेलत नाही. परवाच वहिनी चहा टाकता टाकता गॅस बंद करून खाली बसली होती.

गाडी विकायची नाही असं ठरलंय. आठवड्यातून एकदा मी ती बाहेर काढते, चाकणच्या रस्त्याने फिरवून आणते आणि भिंतीशी लावते. तो आल्यावर बसायचा तेवढीच मीही बसते, इंजिन चालू ठेवून. फक्त बसल्या बसल्या काच खाली करते, हात बाहेर काढते आणि वर करून हलवते. मुक्ता बाल्कनीत उभी असते. मुद्दाम वर कलता करून ठेवलेल्या बाजूच्या आरशात तिचा हात वर झालेला दिसला की मी चावी फिरवते. तेवढ्या अवधीत मला दर वेळी वाटून जातं, इतक्या वर्षांत दादाला एवढंसं करायला आम्ही कुणीच कसं सांगितलं नाही... काच खाली घे, आणि नुसता हात दाखव.